लोगो मोठा केला की कडा फुटतात : आधी जुनी पीडीएफ शोधा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा १० फुटी फ्लेक्स, हातात व्हॉट्सॲपवरून आलेला ४०० पिक्सेलचा लोगो आणि ताणला की कडांना करवतीसारखे दात. ही अडचण सांगणारी तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या पतसंस्थेचा वर्धापनदिन आठवून डोकं परत तापलं.

बायक्युबिक, लँक्झोस वगैरे चित्र मोठं करायच्या नेहमीच्या पद्धती करून बघितल्याच असतील, ते सोडतो. १० फूट म्हणजे १२० इंच, ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) धरला तरी ८६४० पिक्सेल लागतात. फोटो असता तर लांबून खपून गेला असता, लोगो नाही खपत.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मुख्य कार्यालयाने. ओरिजिनल फाइल मागितली तर म्हणे वेबसाइटवरून घ्या की! तिथे तोच बारका. मग लेखी अर्ज द्या, तो दिला तर साहेब रजेवर, आणि शेवटी आलं काय तर लेटरहेडचा मोबाइलवर काढलेला फोटो, कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा. त्यात प्रेसवाल्याने 'रिझोल्यूशन वाढवून' दिलं, म्हणजे ७२ चा आकडा ३०० केला, पिक्सेल होते तेवढेच, आणि वर त्याचे पैसे लावले.

आणि लोगो होता कुठे, तर त्याच कार्यालयाच्या वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्ये, अख्खा व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेला, कितीही ताणला तरी न फुटणारा! तिथल्या एकालाही पत्ता नाही. म्हणून आधी शाळेची जुनी स्मरणिका, माहितीपत्रक, जी मिळेल ती पीडीएफ उघडा आणि ६४०० टक्के झूम करा. कड गुळगुळीत राहिली तर काम झालं, ते पान इंकस्केप या फुकट व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करून अनग्रुप करा आणि लोगो उचला. स्मरणिका ज्या डीटीपीवाल्याने केली त्याच्याकडे सीडीआर (कोरलड्रॉची मूळ) फाइल पडलेली असू शकते, फोन करून बघा.

नाहीच मिळाला तर ट्रेस करा, म्हणजे चित्रावरून सॉफ्टवेअरला व्हेक्टर रेषा काढायला लावा, पण थेट नको. आधी चौपट मोठा करा, ग्रेस्केल करा, थोडा गॉशियन ब्लर (धूसरपणा) द्या आणि मग लेव्हल्समध्ये काळं-पांढरं दोन्ही टोकं मध्याकडे आणा, विस्कटलेली कड परत धारदार होते. त्यानंतर इंकस्केपमधलं 'ट्रेस बिटमॅप' चालवा. रंग हाताने भरा, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा कमी रिझोल्यूशनने साठवलेली असते, लाल-पिवळ्याच्या सीमेवर चिखल दिसतो तो त्यामुळेच.

चित्र मोठं करून देणारे एआयवाले अपस्केलर फोटोला बरे, त्यातलं 'अपस्केल' (Upscayl) नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट आहे. पण देवनागरी अक्षरं त्यांच्या हातात देऊ नका. आमच्या 'विना सहकार नाही उद्धार' मधल्या 'द्ध'चं त्याने काय केलं ते सांगता येत नाही, ना द ना ध, नुसती गाठ. शाळेचं ब्रीदवाक्य तसंच्या तसं फॉन्टमध्ये परत टाइप करा आणि कर्व्हज करून टाका, म्हणजे अक्षरांचे आकार बनतात आणि फ्लेक्सवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी चालतं.

मी काही डिझायनर नाही बरं का, ऑफिसात हे काम गळ्यात पडलं म्हणून शिकलो, कुणी जाणकार वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. फक्त तयार फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फ्लेक्सवाल्याच्या शेजारी बसून ती उघडून घ्या. पीडीएफ उघडत नाही म्हणून स्क्रीनशॉट काढून तोच छापणारे महाभाग मी बघितलेत.