तुझ्या फॉल्स रोडच्या प्रश्नाबद्दल

अरे बाळा,

तुझा मेसेज नि फोटो दोन्ही काल रात्री ड्युटीवरून आल्यावर बघितले. बेलफास्टच्या फॉल्स रोडवर, तुरुंगात उपोषण करून गेलेल्या आयआरएच्या (इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या) बॉबी सँड्सच्या भिंतीवरच्या चित्रापुढे तू उभा आणि खाली प्रश्न, मावशी हे लोक क्रांतिकारक की दहशतवादी, एका वाक्यात सांग. एका वाक्यात नाही रे सांगता येत. आणि बेलफास्टमधे राहणार असशील तर हा प्रश्न असा कोणालाही टाकत जाऊ नकोस, कारण ज्याला विचारशील त्याच्या घरातलं कोणीतरी गेलेलं असू शकतं आणि कोणाच्या गोळीने गेलं ते तुला माहीत नसतं. उत्तर आयर्लंड म्हणजे तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा लाख वस्तीचा प्रदेश, आणि ब्रिटनमधे राहायचं की उरलेल्या आयर्लंडला जोडायचं या भांडणात 1998 पर्यंतच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली इथे.

तुला माझ्या एका पेशंटबद्दल सांगते, नाव नाही सांगणार. मी कम्युनिटी नर्स म्हणून घरोघरी जायचे तेव्हा फॉल्सच्या बाजूला, कॅथलिक वस्तीत, एक आजोबा होते, पायाला जुनी जखम, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग. आधीची पट्टी सोडवायची, पाय कोमट पाण्यात धुवायचा, मग बोटांपासून गुडघ्यापर्यंत थरावर थर नवीन पट्टी गुंडाळत यायचं, पाऊण तास सहज जायचा आणि तेवढा वेळ ते बोलत असायचे. तरुणपणी लाँग केशच्या तुरुंगात होते, एच ब्लॉक्समधे. आम्ही गुन्हेगार नाही, राजकीय कैदी आहोत, कैद्याचे कपडे घालणार नाही, असं म्हणून नुसतं ब्लँकेट गुंडाळून राहिले त्यांच्यातले एक. आयरिश भाषा तिथेच शिकले. ज्याला भाषा येते तो कोठडीच्या दाराशी उभा राहून शब्द ओरडायचा, बाकीचे ऐकून भिंतीवर कोरून ठेवायचे. मला त्यांनी पहिले शब्द शिकवले ते गुरा माह अगत, म्हणजे थँक यू, आणि उच्चार जमेपर्यंत चार-पाच वेळा म्हणून घेतले. इंग्रजांनी आमच्या तोंडातून काढून घेतलेली भाषा आहे ही, म्हणायचे, ती परत तोंडात घालणं हेपण रिपब्लिकन काम आहे, म्हणजे इंग्रजांपासून मोकळ्या, अखंड आयर्लंडसाठीचं. मला तर त्यांचं सगळ्यात पटलेलं हेच.

राजकीय कैद्याच्या याच मागणीसाठी बॉबी सँड्सने 1 मार्च 1981 ला अन्न सोडलं, 9 एप्रिलला तुरुंगातूनच खासदार म्हणून निवडून आला आणि 5 मे ला, 66 व्या दिवशी गेला. 27 वर्षांचा होता. त्याच्या मागून आणखी नऊ जण गेले. उपोषणवाल्याच्या कोठडीत जेवणाचं ताट ठेवून जायचे, ते तसंच पडून राहायचं, हे सांगताना आजोबा दरवेळी माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघायचे. आणि एक दिवस मला म्हणाले, तू जतिन दासच्या देशातली ना? मला शाळेत वाचलेली एक ओळ आठवत होती फक्त. त्यांना सगळं माहीत, लाहोरचा तुरुंग, 63 दिवसांचं उपोषण, 13 सप्टेंबर 1929 ला मृत्यू. त्याच्या आधी 1920 मधे कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवस उपाशी राहून गेला होता, आणि जतिन दास गेले तेव्हा मॅकस्विनीच्या घरच्यांनी हिंदुस्थानात तार पाठवली होती. टिळकांनी 1916 ला बेळगावात होमरूल लीग काढली, तो होमरूल शब्दसुद्धा इथलाच, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला.

असं काही ऐकलं की ऊर भरून येतो, यायलाच पाहिजे, पण तेवढंच धरून बसू नकोस. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा गव्हर्नर असलेला आणि डायरची बाजू घेणारा मायकेल ओड्वायर पण आयरिशच, टिपररीचा, कॅथलिक घरातला. आणि पुढच्याच वर्षी, 1920 ला, आयर्लंडमधे इंग्रज काय करतायत हे ऐकून जालंधरला नि सोलनला बंड करणारे, ब्रिटिश फौजेतल्या कॉनॉट रेंजर्सचे शिपाई पण आयरिशच, त्यातल्या जेम्स डेलीला गोळ्या घातल्या. मी ओड्वायरचं नाव काढलं तर आजोबा म्हणाले, हो, तो आमचाच, तो टाकून नाही देता येणार.

रिपब्लिकन शब्दाचं पण नीट समजून घे. आयर्लंड एक व्हावं असं वाटणारे सगळेच इथे रिपब्लिकन नसतात. लिओ वराडकर दक्षिणेकडच्या स्वतंत्र आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या ग्रुपवर सगळे मालवणजवळच्या वराड गावामुळे खूश होते, पण त्यांचा पक्ष 1921 चा इंग्रजांशी झालेला, उत्तर वेगळं ठेवणारा करार मान्य करणाऱ्यांच्या परंपरेतला, आणि करार न मानणाऱ्यांशी त्यांचं यादवी युद्ध झालेलं. शिन फेन या रिपब्लिकन पक्षाचे खासदार अजूनही निवडून येतात आणि लंडनच्या पार्लमेंटमधे जाऊन बसत नाहीत, पण त्याच पक्षाची मिशेल ओनील 2024 पासून इथली फर्स्ट मिनिस्टर आहे. आणि हे तर कायम लक्षात ठेव की 1791 मधे याच बेलफास्टात युनायटेड आयरिशमेन ही पहिल्या रिपब्लिकनांची संघटना सुरू झाली तेव्हा ती सुरू करणारे बहुतेक प्रोटेस्टंट होते. कॅथलिक म्हणजे रिपब्लिकन हे समीकरण नंतरचं.

आजोबांकडून निघाले की माझी पुढची व्हिजिट दोन वस्त्यांमधल्या भिंतीतल्या लॅनार्क वेच्या गेटमधून पलीकडे, शँकिलला, प्रोटेस्टंट वस्तीत, एका बाईंकडे. गाडीने पाच मिनिटं. पाय तसाच, पट्टी तीच, चहा तोच. 23 ऑक्टोबर 1993 ला, शनिवारी दुपारी, शँकिल रोडवरच्या मासळीच्या दुकानात आयआरएचा बॉम्ब फुटला, नऊ निष्पाप माणसं गेली आणि बॉम्ब आणणाऱ्यांतला एक. त्यात बाईंच्या ओळखीचे होते. एवढ्या वर्षांनी पण मासे घरात आणत नव्हत्या त्या. मी एकदा धीर करून आजोबांना त्याबद्दल विचारलं. पट्टीचा शेवटचा थर होईपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, त्याचं समर्थन मला करता येत नाही, आणि माझ्या मेलेल्या मित्रांना सोडूनही देता येत नाही. यापेक्षा खरं उत्तर मला इथे कोणी दिलेलं नाही. भांडण थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे कराराला मतदानात आजोबांनी हो म्हटलं होतं, बाईंनी नाही म्हटलं होतं, कारण त्यात सशस्त्र गटांचे कैदी सुटणार होते. मला दोघांचंही कळतं.

तेव्हा तू आधी ऐकत जा. समोरचा डेरी म्हणाला तर तू पण डेरी म्हण, लंडनडेरी म्हणाला तर लंडनडेरी; शहर एकच, नावं दोन बाजूंची दोन. कुठल्या शाळेत होतास असं सहज म्हणून विचारू नकोस, इथे शाळेवरून धर्म कळतो. ईस्टरला कोटावर कागदी लिलीचं फूल लावलेलं दिसेल, ते इंग्रजांविरुद्धच्या 1916 च्या उठावातल्या लोकांसाठी असतं, शोभेचं नाही. आणि चित्रांपुढे अंगठा वर करून फोटो नको काढूस रे, समोरच्या घरात चित्रातल्या माणसाची बहीण राहत असेल.

आजोबा गेले, शवपेटीवर तिरंगा होता, त्यांचा हिरवा-पांढरा-नारिंगी. मी मागे उभी होते. तिथून निघून बाईंकडे ड्रेसिंगला गेले, उशीर का झाला ते सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, चहा मात्र परत गरम करून दिला.

शनिवारी मोकळा असशील तर ये. मिलटाउनच्या स्मशानभूमीपासून सुरू करू आणि चालत गेटमधून शँकिलला जाऊ. संध्याकाळी गेट बंद होतं, म्हणून एकपर्यंत तरी पोच. छत्री नको आणूस, इथल्या वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घे.

तुझी मावशी