प्रश्न घेऊन वाचणाऱ्या मुलीला

प्रिय बाळ,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. ख्रिस्ती माणसाने वाचावीत अशी चार चांगली पुस्तकं सांगा, एवढंच तू विचारलंस. पण पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. तरुण संघात तू प्रार्थनेविषयी काही विचारलंस आणि कोणी तरी म्हणालं, "विश्वास कमी पडला की असे प्रश्न येतात." तेव्हापासून तू गप्प बसतेस. पुस्तकं सुचवताना मी ही ओळ समोर ठेवून सुचवते आहे. ज्या माणसांनी देवाला प्रश्न विचारले, त्याच्याशी भांडण मांडलं आणि तरी त्याचा हात सोडला नाही, त्यांनी लिहिलेलं तू वाच. सध्या तुझ्या हाती जी गुळगुळीत कागदावरची पुस्तकं येतात, सात पायऱ्यांत आशीर्वाद आणि चाळीस दिवसांत यश, ती काही काळ बाजूला ठेव. त्यांत दुःखाला जागाच नसते आणि आयुष्यात दुःख येतंच. मग माणसाला वाटतं, आपलंच कुठे तरी चुकलं.

सुरुवात घरात आहे त्या पुस्तकापासून कर. पवित्र शास्त्र तू लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहेस, शब्बाथ शाळेत एक वचन, उपासनेत एक शास्त्रभाग. आता मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच. सोळाच अध्याय आहेत, दीड तासात होतात. मध्ये थांबू नकोस, खुणा करू नकोस. मार्क किती घाईने सांगतो, शिष्य किती वेळा गोंधळतात आणि वधस्तंभावर येशू "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं विचारतो, हे सलग वाचल्यावर वेगळंच लागतं. मग ईयोब वाच. त्याचे मित्र त्याला जे सांगतात ते तुझ्या तरुण संघातल्या उत्तराच्या फार जवळचं आहे, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. त्यानंतर स्तोत्र ८८ वाच. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. शेजारी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' ठेव. पार्श्वभूमी कळायला मराठीत त्याच्याइतकं मदतीचं पुस्तक मला दुसरं माहीत नाही.

आता ज्याविषयी मला मनापासून लिहायचंय त्याकडे येते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तू शाळेत धड्यापुरतं वाचलं असशील. आता संपूर्ण घे, संक्षिप्त आवृत्ती नको. मुलाने वडिलांच्या, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या, आठवणी लिहून मागितल्या आणि या बाईने त्या निमित्ताने स्वतःचं सगळं आयुष्य मांडलं. शाळेत गेलेली नाही, तरी असं मराठी गद्य तिच्या आधी फार थोड्यांनी लिहिलंय. पुस्तक सुरू होतं ते सोवळ्याच्या घरात. वडील इतके कडक की मीठसुद्धा धुवून घ्यायचं. अशा घरातली मुलगी, आणि तिचा नवरा १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो.

नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बायकोनेही बदलला, असं सरधोपट सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. पुस्तक वाचलंस की कळेल, तसं काहीच झालं नाही. ती त्याच्यापासून दूर राहिली, वर्षानुवर्षं. रडली, आजारी पडली, चिडली, पंढरपुरात राहिली. पुन्हा त्याच्याजवळ राहायला आली तीही आपलं सोवळं घेऊन, वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग हळूहळू, तिच्या स्वतःच्या विचाराने, आधी जात गळून पडली आणि विश्वास मागून आला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्म्याला शंभराहून अधिक वर्षं झालेली घरं आहेत, आणि लग्न जमवताना अजूनही हळू आवाजात "मूळचे कोण?" असं विचारलं जातं. त्या घरांमध्ये हे पुस्तक मोठ्याने वाचलं पाहिजे. तू वाचशील तेव्हा हसूही येईल, कारण ही बाई नवऱ्याच्या उधळ्या दानशूरपणाविषयी, त्याच्या रागाविषयी, स्वतःच्या हट्टाविषयी काही लपवत नाही. भक्तिपर पुस्तकांत माणसं इतकी खरी क्वचित भेटतात.

टिळकांचे अभंगही वाच. 'अभंगांजली' मिळाली तर उत्तम, नाही तर 'उपासना संगीत' उघड. त्यातली कितीतरी पदं तू तोंडपाठ गातेस, फक्त ती कोणाची हे पाहिलं नसशील. टिळकांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाकडून. डोंगरावरचं प्रवचन वाचायला लागले आणि त्यांना ते खाली ठेववेना. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असंही ते सांगत. म्हणून या यादीत मी तुकारामांची गाथा मुद्दाम घालते आहे. मराठी ख्रिस्ती माणसाला गाथा परकी वाटली, तर टिळक अर्धेच कळतील. "ख्रिस्ती असून गाथा कशाला?" असं कोणी म्हणालं तर त्यांना टिळकांचे अभंग म्हणून दाखव. वाद घालावा लागणार नाही.

पंडिता रमाबाई तुला पुतळ्याच्या आणि टपाल तिकिटाच्या रूपाने ठाऊक आहेत. त्यांची साक्ष, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो याची स्वतः सांगितलेली हकीकत, वाच. १९०७ साली इंग्रजीत 'अ टेस्टिमनी' या नावाने निघालेली ती लहानशी पुस्तिका आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी दुष्काळात आईवडील गमावते, भावाबरोबर पायी देश हिंडते, कलकत्त्यात पंडिता ठरते. सिल्चरला नवऱ्याच्या घरी असताना तिला पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे ती बाप्तिस्मा घेते. इथे सर्वसाधारण साक्ष संपली असती. रमाबाई संपवत नाहीत. त्या पुढे लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं गेली. त्या कळण्यातही विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाच्या आत्मकथेचा हात होता. जगभर नाव झालेल्या बाईने, विधवांसाठी शारदासदन उभं केल्यानंतर, हे छापून सांगावं! तुला प्रश्न पडतात म्हणून लाज वाटते ना, मग रमाबाईंची ती पानं दोनदा वाच.

त्या साक्षीने ओढ लागली, तर त्यांची पत्रं वाच. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला तो इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. मी काय मानावं हे बिशपांनी ठरवायचं की माझ्या सदसद्विवेकाने, यावर ही पंचविशीतली विधवा, पदरात लहान मुलगी, परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला आहे त्यांच्याशीच वाद घालते. प्रेमाने घालते, पण मागे हटत नाही. आणि हीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, गावातल्या साध्या बाईला कळावं म्हणून, अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करते. १९२२ साली वारली, तोवर त्या कामातच होती. भाषांतर तिथल्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकामुलींच्या हातांनी छापलं गेलं. प्रश्न विचारणारी माणसं श्रद्धेतून बाहेर पडतात, असं जे तुला सांगितलं गेलं, ते रमाबाईंच्या आयुष्याशी ताडून बघ.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. कादंबरी म्हणून ते मला कोरडं वाटतं, उपदेश फार आहे. तरी त्यातल्या विधवांच्या कहाण्या वाच. केशवपनाविषयी इतक्या आधी, इतकं थेट लिहिणारा हा तरुण, नुकताच ख्रिस्ती झालेला होता. त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' मला जास्त आवडतं. एका विचारी मुलाचं मन पुस्तकांनी, शाळेने आणि मित्रांशी झालेल्या वादांनी कसं बदलत गेलं ते त्यात पावलापावलाने दिसतं.

फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची मराठीच्या गौरवाची ओवी तू भाषणांतून ऐकलीच असशील. बहुतेक लोक तिथेच थांबतात. तू पुढे जा. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेला हा ग्रंथ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा आहे, आणि तो जन्मला कसा हे त्यातच सांगितलंय: नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी पाद्रीगुरूला म्हटलं, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आता आम्हाला वाचायला काही द्या. या मागणीमागची वेदनाही ओळख. गोव्यातल्या सासष्टीतली देवळं पोर्तुगीज सत्तेने पाडलेली होती, जुने ग्रंथ बाळगायची बंदी होती. त्या जुलमाच्या सावलीत स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने इथल्या लोकांची भूक ऐकली आणि त्यांच्याच ओवीत ती भागवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही मनात ठेवून वाच. जुनी मराठी अडेल, म्हणून फादर नेल्सन फाल्कांव यांनी गद्य अर्थ दिलेली आवृत्ती मिळव. रोज वीस ओव्या पुरेत, मोठ्याने. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला की ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा भाग काढ.

बाहेरची दोनच पुस्तकं सांगते, कारण तू इंग्रजी सहज वाचतेस आणि तिथली यादी तुला कुठेही मिळेल. दीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाचं 'द कॉस्ट ऑफ डिसाइपलशिप' १९३७ चं. नाझी राजवटीपुढे तिथल्या चर्चचा मोठा भाग मान तुकवत होता, त्या काळात तो लिहितो की ज्या कृपेची आपल्याकडून काही किंमतच मागितली जात नाही, ती चर्चची वैरीण आहे. १९३९ साली तो अमेरिकेत सुरक्षित होता, तरी काही आठवड्यांत परत गेला. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला महिना राहिला असताना, त्याला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं. हे ठाऊक असताना त्याची वाक्यं वाचणं सोपं नाही. दुसरं, सी. एस. लुईसचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड'. श्रद्धेची बाजू रेडिओवरून साऱ्या इंग्लंडला समजावून सांगणारा हा माणूस बायको गेल्यावर कोसळला आणि वहीत लिहीत गेला. १९६१ साली ते टोपणनावाने छापलं. देवाच्या दारावर धडका मारल्या आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला, असा अनुभव तो लिहून ठेवतो. हे आत्ता वाचलं नाहीस तरी चालेल, जवळ असू दे. तुझ्या घरात किंवा मंडळीत कोणी गेलं आणि सांत्वनाला आलेल्यांचे शब्द टोचायला लागले, की काढ.

आपल्या काळातलं एक राहिलं. दिब्रिटोंचं आत्मचरित्र 'नाही मी एकला'. वसईतल्या नंदाखालचा मुलगा पुरोहित होतो, 'सुवार्ता' मासिक चालवतो, हरित वसईसाठी गुंडगिरीच्या विरोधात उभा राहतो, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो. आपण प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक, म्हणून आपल्या मंडळीत त्यांचं पुस्तक कोणी हातात घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. तू घे. श्रद्धा उपासनेच्या दाराबाहेर पडून गावाच्या पाण्याचा आणि झाडांचा प्रश्न हाती घेते तेव्हा काय होतं, ते त्यात आहे.

पुस्तकं मिळवायची कशी, तर 'स्मृतिचित्रे' कुठल्याही मराठी दुकानात मिळेल. पदमनजींची जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर शोध, किंवा तुझ्या शहरातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात विचार. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरीही चौकशी कर. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे अंक, जुनी भजनांची पुस्तकं आणि टिळकांच्या पहिल्या आवृत्त्या अजून ट्रंकांमध्ये पडून आहेत, आणि घर बदललं की रद्दीत जातात. एखादी हाती लागली तर फोटो काढून ठेव.

सगळं एकदम घेऊ नकोस. आधी मार्क, मग 'स्मृतिचित्रे', मग रमाबाईंची साक्ष; पावसाळाभर एवढंच. आणि एकटीने वाचू नकोस. तरुण संघात तुझ्यासारख्या आणखी एक-दोन मुली नक्की गप्प बसत असतील, त्यांना बरोबर घे. रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसा, प्रत्येकीने न पटलेली एक जागा घेऊन यायची. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेव, म्हणजे चोरून काही चाललंय असं कोणाला वाटणार नाही. ते बसणार असतील तर बसू देत, फक्त त्यांनी शेवटी बोलावं.

साक्षीची माझी प्रत टपालाने पाठवते आहे. समासात पेन्सिलीने माझे प्रश्न आहेत. शेजारी तुझे लिही, आणि वाचून झाली की त्या मुलींपैकी एकीला दे.

तुझ्या
बाई