तिखट खाल्ल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने वारंवार युरिन इन्फेक्शन होतं का?

तिखटाला उगाच बदनाम करतात. आधीच जळजळ असेल तर मिसळीने ती वाढल्यासारखी वाटेल, पण इन्फेक्शन होतं ते जंतूंमुळे, बहुतेक वेळा आतड्यातल्या ई. कोलायमुळे.

पाण्याचं मात्र खरं आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना 3.2 वेळा. लघवी वरचेवर झाली की जंतू धुऊन निघतात, मूत्राशयात मुक्काम ठोकत नाहीत.

आपल्याकडे खरी गोची वेगळीच. एसटीचा प्रवास किंवा ऑफिसातलं घाणेरडं टॉयलेट नको म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, वर लघवी तुंबवून ठेवतात. हे आधी बंद करा. संबंधानंतर लघवीला जाऊन या. बद्धकोष्ठ आणि शुगर, दोन्हीकडे लक्ष द्या. धणे-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, पण ते अँटिबायोटिकची जागा घेणार नाही.

ताप, थंडी, कंबरेच्या वर पाठीत दुखणं किंवा लघवीतून रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर असाल तर साध्या जळजळीलाही.