भिजलेली थार आणि पंधराचे सत्तावीस लाख

प्रश्न: आम्ही वडोदऱ्याला समा भागात राहतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नवी थार घेतली, डिझेल, फोर बाय फोर. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात ती बेसमेंटच्या पार्किंगमध्ये दोन दिवस चार फूट पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर एकदा सेल्फ मारला, टक्‌ असा आवाज आला आणि सगळं बंद. कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट ४ लाख २० हजार आहे. ओळखीचा मेकॅनिक २ लाख ६० हजारांत ‘नव्यासारखी करून देतो’ म्हणतो. एक दलाल आहे त्या स्थितीत साडेचार लाख द्यायला तयार आहे. इन्शुरन्स फुल आहे, पण क्लेम केला नाही. बँकेतल्या आमच्या रिलेशनशिप मॅनेजरने सांगितलं, की इंजिनात पाणी गेलं की क्लेम पास होत नाही, उगाच नो क्लेम बोनस जाईल. दुरुस्तीसाठी पर्सनल लोन घेऊ, की त्यांच्याकडूनच घेतलेली गॅरंटीड इन्कमची पॉलिसी मोडू? हप्ता वर्षाला दीड लाख, दोन भरलेत, तिसरा नोव्हेंबरात आहे. त्यासाठी आरडीत सव्वा लाख साठलेत. शिवाय बचत खात्यात साठेक हजार. दुरुस्त झाल्यावर गाडी अकरा लाखांना विकायचाही विचार आहे. वय ४१, हातात येणारा पगार ९२ हजार, घराच्या कर्जाचे २४ लाख बाकी, मुलं दोन.

उत्तर: लोन नको आणि पॉलिसी मोडायलाही नको. पण त्याआधी, हे वाचून संपायच्या आत इन्शुरन्स कंपनीला फोन करून क्लेम नोंदवा. पत्र इथपर्यंत वाचून मी दोनदा मागे जाऊन बघितलं, की ‘क्लेम केला नाही’ असंच लिहिलंय ना. चार लाखांचं नुकसान अंगावर घेताय आणि ज्या पॉलिसीचे पैसे तीन वर्षं भरलेत तिला हातही लावला नाही.

फुल म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पूर हा धोका धरलेलाच असतो. मॅनेजरसाहेबांनी अर्धवट ऐकलेलं तुम्हाला पूर्ण करून सांगितलं. खरी अट अशी आहे: पाणी भरलेलं इंजिन चालू करायला गेलात आणि त्यामुळे आतले भाग मोडले, तर ते पुढचं नुकसान धरलं जातं आणि इंजिन प्रोटेक्टचं जोडकलम नसेल तर ते नाकारतात. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला, की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तुमचा तो एक सेल्फ इथे महागात पडू शकतो. पण वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सीट्स, कार्पेट, अल्टरनेटर, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, दोन्ही डिफरन्शियल यांचा त्या सेल्फशी काय संबंध? ते पुरानेच भिजले आणि पुराचेच पैसे मिळायला हवेत.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या एस्टिमेटमध्ये इंजिनाचे १ लाख ६० हजार आहेत. ते बाजूला ठेवा, उरले २ लाख ६० हजार. गाडी अजून तीन वर्षांच्या आत आहे, म्हणून धातूच्या भागांवर घसारा १५ टक्के, रबर, प्लास्टिक, बॅटरीवर ५० टक्के. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जोडकलम, तुमच्याकडे नाही. ऑइल, कूलंट यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. हे सगळं कापून, ढोबळ हिशोबाने, एक लाख नव्वद हजार हातात यावेत.

आणि बोनस? तुमचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम बोनस धरण्याआधी सोळा हजार आहे. क्लेम केला नाही तर या ऑक्टोबरात ३५ टक्के सूट, मग ४५, मग ५०. क्लेम केला तर शून्यापासून पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढण. दोन्हींतला फरक पाच वर्षांत मिळून सतरा हजारांच्या आसपास. सतरा हजार वाचवायला १ लाख ९० हजार सोडायचे, हा सल्ला देणारा माणूस दुसरंही काही तुम्हाला विकून गेलाय. त्याच्याकडे येतोच.

‘आता उशीर झाला’ असं कुणी म्हणेल. फक्त कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना लिहून दिलंय. शहर पाण्यात होतं, विश्वामित्री नदी पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पस्तीसच्याही वर गेली होती, हे विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला सिद्ध करून दाखवायची गरज नाही. पार्किंगचे फोटो जपून ठेवा, दारावरच्या चिखलाच्या रेषेसकट. नकार आलाच तर तो लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, महिनाभर वाट पाहा आणि त्यानंतर अहमदाबादला विमा लोकपाल आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

सर्व्हेअर येईपर्यंत एकही बोल्ट कुणाला उघडू देऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर मात्र आजच काढा. गाडी हलवायची ती फ्लॅटबेडवर, चाकांवर ओढत नाही. सर्व्हेअरसमोर आधी इंजिनचं हेड उघडायला सांगा, पंधरा-वीस हजारांचं काम आहे. रॉड सरळ निघाले तर १ लाख ६० हजारांचा आकडा पन्नास हजारांवर येतो आणि त्यातलाही बराचसा पुराच्या पाण्याचा म्हणून मागता येतो. मग तुमच्या खिशातून लाखाच्या आसपासच जातील. वर्कशॉपने एस्टिमेटमध्ये वाईटात वाईट धरलंय. तसं धरणं हा त्यांचा धंदा आहे.

दोन लाख साठवाल्या मेकॅनिकबद्दल. तुम्ही डिपस्टिकचा फोटो पाठवलाय, ऑइल दुधाळ, फेसाळ झालंय. त्याने सांगितलेल्या कामांत इंजिन ऑइल आहे, पण ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शियलचं ऑइल नाही. फोर बाय फोरमध्ये नेमकं तिथेच पाणी बसतं, कारण अ‍ॅक्सलला हवा जायची नळी असते आणि चार फुटांत ती कधीच बुडते. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून नेता येते असं कंपनी सांगते. तुमच्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट होतं, तेही दोन दिवस. डिझेलची टाकी धुणं नाही, इंजेक्टर तपासणं नाही, ब्रेक ऑइल नाही, चाकांची बेअरिंग नाहीत. वायरिंगला तो ‘हीट गन मारून सुकवतो’. सुकेल. सहा महिन्यांनी कनेक्टरमध्ये तांबं हिरवं पडेल आणि जांबुघोड्याच्या रस्त्यावर रात्री मीटर बंद पडून गाडी उभी राहील. तिथे क्लेम नाही, मेकॅनिकचा फोनही लागणार नाही.

तेव्हा वर्कशॉप ठीक, आणि कॅशलेस, म्हणजे क्लेमचे पैसे विमा कंपनी थेट वर्कशॉपला देईल. दलालाचे साडेचार लाख घ्यायचे का? पुराआधी तुमची थार साडेदहाला गेली असती असं धरू. पुरात भिजली होती हे सांगून विकली तर माझ्या मते आठ. क्लेमशिवाय ४ लाख २० हजार घातले तर आठातून हातात पावणेचार उरतात, म्हणजे दलाल बरा. क्लेम मिळाला तर तुमचे २ लाख ३० हजार जातात, उरतात पावणेसहा. म्हणजे दुरुस्ती परवडते. ‘क्लेम नको’ या एका वाक्याने तुमचा निर्णयच उलटा झाला असता. पूर्ण नुकसान म्हणून गाडी सोडून द्यायचा पर्याय इथे नाही. त्यासाठी खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर जावा लागतो. तुमची आयडीव्ही साडेनऊ, म्हणजे सात लाखांच्या पुढे.

आता ती पॉलिसी. तुम्ही विचारलंय फक्त मोडू का, पण पत्रातली सगळ्यात मोठी गळती इथेच आहे.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला लाल पेनाने ‘१५ चे २७’ लिहून भोवती गोल केलाय. दहा वर्षं दीड-दीड लाख भरायचे, मग बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून दहा वर्षं दर साली २ लाख ७० हजार घ्यायचे. ऐकायला छान. पण प्रत्येक हप्त्याची जोडी लावून बघा: आज भरलेल्या दीड लाखाचे बरोबर बारा वर्षांनी २ लाख ७० हजार. बारा वर्षांत दुप्पट व्हायलाच सहा टक्के लागतात, इथे दुप्पटही नाही. पाच टक्के, बस्स. पीपीएफ ७.१ देतंय, तेही करमुक्त. आणि तुम्ही स्वतः घराच्या कर्जावर साडेआठाच्या वर व्याज भरताय. म्हणजे बँकेकडून साडेआठाने पैसे उचलून त्याच बँकेच्या काउंटरवरून पाच टक्क्यांनी विमा कंपनीला उसने देताय. ‘गॅरंटीड’ हा शब्द खोटा नाही. कमी मिळण्याचीच गॅरंटी आहे.

त्यात आयुर्विमा किती? पंधरा लाख. कर्ज चोवीस लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हाती पंधरा येतील आणि ते सगळे कर्जात भरूनही नऊ लाखांचं देणं उरेल, वर मुलांची शिक्षणं. वर्षाला दीड लाख भरून! एक कोटीचं साधं टर्म कव्हर, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, साठीपर्यंत तुमच्या वयाला वीस हजारांच्या आसपास मिळतं, तब्येत ठीक असेल आणि सिगारेट नसेल तर. ते त्यांनी का दाखवलं नाही हे मी सांगायला नको. वीस हजारांवर कमिशन किती आणि दीड लाखावर किती, तुम्ही मकरपुऱ्याच्या कारखान्यात खरेदी विभागात आहात, तुम्हाला कळतं.

तरीही मोडू नका म्हणतोय, कारण आता मोडलीत तर तीन लाखांचे नव्वद हजार मिळतील, फार तर लाख. (१ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मोडण्याचे, नियम सैल, पण ते नव्या पॉलिसींना. तुमची २०२२ ची आहे.) त्याऐवजी हप्ते थांबवून ती पेड-अप करा. दहापैकी दोन हप्ते भरलेत, म्हणून त्या प्रमाणात वर्षाला ५४ हजार, दहा वर्षं. आज मिळणारे नव्वद हजार न उचलता ठेवले तर पुढे एकूण ५ लाख ४० हजार, हा सौदा चांगला आहे. पुढचे आठ हप्ते भरण्याचा सौदा वाईट आहे. मात्र पॉलिसीच्या कागदात पेड-अपचं कोष्टक काढून बघा. काही योजनांत प्रमाणापेक्षा कमी देतात, आणि आकडा फारच खाली असेल तर मला पुन्हा लिहा. मॅनेजर म्हणतील, ‘बंद केलीत तर सगळे पैसे बुडतील.’ त्यांना हे वाक्य ईमेलवर लिहून मागा. येणार नाही.

क्रम चुकवू नका. आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या, वैद्यकीय तपासणीला दोन-तीन आठवडे जातात. ती आली, की मगच नोव्हेंबरचा हप्ता थांबवा, कारण पेड-अप झाल्यावर जुन्या पॉलिसीचं कव्हरही कमी होतं.

आणि गाडीचे पैसे तिथूनच निघतात. आरडी नोव्हेंबरपर्यंत दीड लाखांवर जाईल, बचतीचे साठ हजार, झाले २ लाख १० हजार. पुरानंतर वर्कशॉपांत रांग आहे, बिल दिवाळीच्या अलीकडे येत नाही, तोवर पगारातून उरलेले वीस हजार निघतील. टर्मचा पहिला हप्ताही पगारातूनच, एखाद्या महिन्याचं बाहेरचं खाणं कमी करून. पर्सनल लोन चार लाखांचं, १४ टक्क्यांनी, तीन वर्षं, म्हणजे नव्वदेक हजार नुसतं व्याज. कशाला?

पुढच्या वर्षापासून जो दीड लाख मोकळा होतो, त्यातले वीस हजार टर्मला, बाकी पहिली दोन वर्षं फक्त अडीअडचणीसाठी एफडीत. ९२ हजार पगारात साठ हजार शिल्लक म्हणजे तीन आठवडेसुद्धा नाहीत. म्युच्युअल फंडाचं नंतर बोलू.

ऑक्टोबरात गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आहे. गाडी वर्कशॉपमध्ये उघडी पडली असली तरी तारीख चुकवू नका. नव्या गाडीसोबत घेतलेला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमाही तेव्हाच संपतोय. यावेळी झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही मागा, पाच-सात हजार जास्त जातील. २०१९ च्या ३१ जुलैला या शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि पाच वर्षांत ही दुसरी वेळ. बेसमेंटमध्ये गाडी लावणाऱ्याने हे जोडकलम वाचवण्यात अर्थ नाही.

राहिली अकरा लाखांना विकायची गोष्ट. कुणाला न सांगता, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण अकरा हा आकडा तेच सांगतो. वर्कशॉपच्या रेकॉर्डमध्ये आणि विमा कंपनीकडे पुराची नोंद राहणार. जाणकार गिऱ्हाईक सीट मागे सरकवून रुळांतला गाळ बघतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. आठाला विकायची तयारी असेल तर बिलं दाखवून विका. नसेल तर वापरा. एक पावसाळा काढू द्या, वायरिंग टिकलं तर त्या बिलांनाच किंमत येईल.