खांदा दुखत असताना छाती : मशीनवर करावी की डंबेलने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय 41, गेले तीन महिने उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतो, बेंचवर पडून 60 किलोचा रॉड सलग आठ वेळा (आठ रेप) सहज ढकलला जायचा, आता 40 ला पण कळ येते. ट्रेनर म्हणतो रॉड आणि डंबेल बंद, नुसतं मशीन करा. मित्र म्हणतो मशीननेच खांद्याची वाट लागते. ऐकायचं कोणाचं?

दोघंही अर्धं खरं बोलतायत. मी डॉक्टर नाही, पण पंचविसेक वर्षं जिममध्ये घालवली आहेत आणि माझा डावा खांदा अगदी असाच गेला होता, त्यामुळे ते उरलेलं अर्धं सांगू शकतो.

आधी एक खात्री करून घ्या. कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. दुखऱ्या बाजूला तो निम्म्यातच अडत असेल, आणि दुसऱ्या कोणी हळूच फिरवून दिला तरी तिथेच अडत असेल, तर ते फ्रोझन शोल्डर असू शकतं. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः डायबेटिस असेल तर, हे बरंच दिसतं. तसं असेल तर मशीन की डंबेल हा वाद तूर्त बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिककडे जा. झटका बसल्यापासून हात वर उचलतच नसेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा मुंग्या कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असतील (तेव्हा बऱ्याचदा दोष मानेचा असतो), तरीही तेच. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : डावा खांदा जिना चढताना दुखतो आणि आपण थांबलो की दुखणंही थांबतं, असं असेल तर आधी हृदय तपासून घ्या, जिमचं नंतर बघू.

आता तुमच्या दुखण्याकडे. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. बशी उथळ, चेंडू मोठा, आणि तो जागेवर धरायचं काम मुख्यतः चार लहान स्नायूंचं. ही बशी असते पाठीवरच्या पसरट हाडाला, म्हणजे फऱ्याला. हात पुढे-मागे होतो तसा फराही सरकतो, म्हणून चेंडू बशीत राहतो. बेंचवर पडलात की फरा अंगाखाली दाबला जातो. त्यात कोपर अंगाच्या पातळीच्या खाली गेलं की चेंडू पुढे सरकायला बघतो आणि ताण येतो नेमका पुढच्या बाजूला, तुम्ही बोट ठेवता तिथे. कोपरं खांद्यांच्या रेषेत फाकलेली असतील तर आणखीच. त्यामुळे खरे प्रश्न दोन : कोपर किती खाली जातंय आणि किती फाकतंय. वजन लोखंडी रॉडचं आहे की मशीनच्या विटांचं, हे खांद्याला कळत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. मलाही असंच मशीनवर बसवलं होतं. चेस्ट प्रेस (बसून हँडल पुढे ढकलायचं मशीन), 35 किलो, 'हे सेफ आहे सर'. पंधरा दिवसांत दुखणं दुप्पट. एके दिवशी शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "सीट इतकी खाली का ठेवलीय?" तेव्हा लक्षात आलं की सीट सगळ्यात खालच्या भोकात होती, त्यामुळे हँडल माझ्या खांद्याच्या उंचीवर येत होती आणि कोपरं पंखांसारखी फाकत होती. सीट तीन भोकं वर घेतली, हँडल छातीच्या मध्याला, किंचित खालीच आली, आणि त्याच वजनाला निम्मी कळ गेली. निम्मी अजून राहिलीच होती.

ती कशाची, ते कळायला आणखी आठवडा गेला. मशीनमध्ये पहिला रेप सगळ्यात मागच्या जागेवरून सुरू होतो. रॉड खाली आणताना स्नायू आधी ताणाला तयार होतात. मशीनवर मात्र हात थेट मागे खेचलेल्या अवस्थेत जातो आणि तिथूनच थंड वजन ढकलायचं असतं. दुखऱ्या खांद्यासाठी याहून वाईट सुरुवात नाही. बऱ्याच मशीनना यासाठी पायाशी एक दांडा असतो. तो पायाने दाबला की हँडल पुढे येतात, पकडायची, मग पाय हळू सोडायचा. सेट संपला की पुन्हा पायानेच वजन घ्यायचं. आमच्या जिममध्ये त्या दांड्यावर लोक पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. असा दांडा नसेल तर ट्रेनरला हँडल पुढे आणून द्यायला सांगा, लाजू नका.

एवढं केलंत तर मशीन सुरुवातीला खरंच चांगलं, ट्रेनर त्याअर्थी बरोबर आहे. तोल सांभाळावा लागत नाही आणि कळ आली तर वजन अंगावर येत नाही. मात्र मशीनवरचा 40 चा आकडा म्हणजे रॉडचे 40 नव्हेत. तरफ आणि पुली मध्ये असतात, तेव्हा आकड्यांची तुलना करून खूश किंवा दुःखी होऊ नका.

बटरफ्लाय मशीनही (फाकलेले हात छातीसमोर मिटायचं) सोडायची गरज नाही, पण त्याचे हात किती मागून सुरू होतात ते ठरवणारी पिन असते. ती दोन भोकं पुढे घ्या, म्हणजे कोपरं छातीच्या मागे जाणार नाहीत. स्मिथ मशीनबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. रॉड एकाच रुळावरून जातो, खांद्याला मात्र जरा वळसा घेऊन जायचं असतं. ज्यांना चालतं त्यांना चालो. डिप्स (दोन समांतर दांड्यांवर अंग खाली-वर करणं) मात्र दुखणं असेपर्यंत पूर्ण बंद, यावर चर्चा नको.

आता मित्राचं अर्धं. डंबेलचा मोठा फायदा म्हणजे तळवे समोरासमोर धरता येतात आणि कोपरं आपोआप अंगाजवळ येतात. प्रत्येक हात आपली वाट शोधतो. बहुतेकांचा खांदा डंबेलवर दुखतो तो दाबताना नव्हे, उचलताना आणि ठेवताना. सेट संपला की दोन्ही हात बाजूला फाकवून डंबेल धाडकन जमिनीवर सोडायची पद्धत तुम्ही पाहिली असेल, कदाचित करतही असाल. तो एक क्षण अख्ख्या सेटपेक्षा महाग पडतो. डंबेल मांड्यांवर उभी ठेवा, गुडघ्याच्या धक्क्याने मागे पडा, आणि उठताना गुडघे वर घेऊन डंबेल पुन्हा मांडीवर आणून मगच उठा.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले तीन आठवडे जमिनीवर पडून डंबेल प्रेस केली असती. सतरंजी टाका, गुडघे वाकवा, तळवे समोरासमोर. कोपर जमिनीला टेकलं की खाली जाणं संपलं, खोली तुम्हाला मोजावी लागत नाही. आदळायचं नाही, टेकवायचं. तुम्ही 60 चा रॉड मारत होतात, तरी एका हाताला 10 किलोपासून सुरू करा. बारा-पंधरा रेप, खाली येताना तीन सेकंद. अहंकार दुखेल, खांदा नाही.

रॉडवर परत याल तेव्हा पकड खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा रुंद नको, आणि छातीवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून तिथेच थांबा. स्टँडवरून रॉड काढायला माणूस घ्या. डोक्यामागच्या हुकातून रॉड ओढून काढताना खांदा सगळ्यात कमजोर जागी असतो.

घरी करण्यासारखं : स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून तिरपे पुश-अप. इथे पाठ कशावर दाबलेली नसल्यामुळे फरा मोकळा फिरतो. वर आल्यावर हात सरळ असतानाच ओट्याला आणखी दोन इंच ढकला, पाठ किंचित गोल होऊ द्या. मी तालमीतल्या जोरांवर वाढलेला माणूस, पण तुम्हाला आत्ता जोर मारा म्हणणार नाही. त्यातली ती खाली झेप घेणारी हालचाल बऱ्या खांद्यासाठी सुंदर आहे, दुखऱ्यासाठी नाही. मुद्गलही थांबू देत.

छातीच्या एका सेटला रोइंगचे (वजन अंगाकडे ओढायचा पाठीचा व्यायाम) दोन सेट हवेत. तुम्ही लिहिलेल्या आठवड्यात छाती तीनदा आहे आणि पाठ एकदा, तेही वेळ उरला तर. शिवाय हलक्या रबर बँडने हात बाहेर फिरवायचा व्यायाम, कोपर आणि कमरेत नॅपकिनची घडी धरून, पंधराचे दोन सेट.

दुखण्याचं मोजमाप असं ठेवा : 10 पैकी 3 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल तर वजन कमी करा. जिमच्या आधी पेनकिलर घेऊ नका, मग मोजणार काय? सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही. झोपता कोणत्या कुशीवर? उजव्या असाल तर आज रात्रीपासून डाव्या कुशीवर व्हा आणि उजवा हात पुढे एका उशीवर टाका. मला निम्मा आराम त्याने पडला होता. सीट कितव्या भोकात होती तेही बघून कळवा.