पोळीवाली बंद करू की आहेराची एफडी मोडू?

चिंचवडच्या एका ताईंनी मोठं पत्र लिहिलंय. लग्नाला दीड वर्ष झालं, दोघं नोकरी करतात, भाड्याचा वन बीएचके, दोघांचे मिळून हातात ६८ हजार येतात. लग्नासाठी मिस्टरांनी ५ लाखांचं पर्सनल लोन काढलं होतं, १३ टक्के, पाच वर्षं, ईएमआय ११,३७७. त्यातले १८ हप्ते गेलेत. महिनाअखेरीला हातात काही उरत नाही म्हणून घरात रोज कुरबुर आणि ती दरवेळी येऊन थांबते पोळीवाल्या मावशींच्या २,८०० रुपयांवर. मिस्टर म्हणतात, मावशींना बंद करू, आई गावी सगळं एकटी करायचीच ना. ताईंचं म्हणणं, त्यापेक्षा माझी आहेराची १ लाखाची एफडी मोडून लोनमध्ये भरू. ह्याशिवाय दोघांच्या नावावर १ लाख ४० हजारांची अजून एक एफडी आहे.

ताई, आधी मावशींचं बघू, कारण वाद तिथे चाललाय.

तुम्हीच लिहिलंय की मावशी यात्रेला गावी गेल्या तेव्हा आठ दिवसांत बाहेरून मागवायचं बिल २,९०० झालं. म्हणजे त्यांच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त, तेही आठवड्यात. आणि हे आळसाने झालेलं नाही हो, तुमची कंपनीची बस सकाळी ७:१० ला, घरी यायला आठ वाजतात, तेव्हा कणीक मळायला घ्यायची म्हटलं की हात आपोआप मोबाईलकडे जातो, कोणाचाही जाईल. पोळीभाजी केंद्रातून आणायच्या म्हटल्या तरी १० रुपयाला एक धरून बारा पोळ्यांचे १२०, महिन्याचे २६ दिवस धरा, ३,१२० झाले. म्हणजे मावशी त्याहूनही स्वस्त, शिवाय घरी येऊन गरम करून देतात. मिस्टर स्वतः सहा वाजता उठून कणीक मळून पोळ्या लाटणार असतील तर मावशींना बंद करायला माझी काहीच हरकत नाही, पण ते काम तुमच्यावर येणार असेल तर त्याला बचत म्हणू नका, ती तुमची झोप आहे. आणि सासूबाईंशी तुलना तर नकोच, त्यांना सकाळी सातची बस नव्हती.

आता खरा पैसा कुठे जातोय ते बघा. आज तुमचं साधारण ३ लाख ८२ हजार मुद्दल बाकी असेल. त्यावर १३ टक्क्यांनी ह्या महिन्याचं नुसतं व्याज होतं ४,१४० च्या आसपास, म्हणजे ११,३७७ मधले चार हजारांहून जास्त मुद्दलाला लागतच नाहीत. मावशींच्या पगाराच्या दीडपट रक्कम दर महिन्याला व्याजात चाललीय आणि त्यावर घरात कोणी एक शब्द बोलत नाही कारण ती एक तारखेला आपोआप कट होते, दिसत नाही. मावशींच्या हातात मात्र नोटा मोजून द्याव्या लागतात.

म्हणून एफडी मोडायचा तुमचा विचार दिशेने बरोबर आहे. १ लाख आत्ता भरले आणि ईएमआय तेवढाच ठेवला तर उरलेले ४२ हप्ते २९ वर येतात. तेरा हप्ते वाचले म्हणजे साधारण १ लाख ४७ हजार. ऐकायला भारी वाटतं पण मी अर्धीच बाजू सांगणार नाही, तोच १ लाख साडेतीन वर्षं ७ टक्क्यांनी एफडीत राहिला असता तर त्याचेही १ लाख २७ हजारांच्या आसपास झाले असते, आणि तुमच्या पगाराला नवीन टॅक्स पद्धतीत टॅक्स बसत नाही त्यामुळे ते सगळे तुमचेच. म्हणजे फरक २० हजारांचा. त्यातून मुदतीआधी एफडी मोडली म्हणून व्याजात थोडी कपात होईल, ती हजार-बाराशे धरा, आणि फिक्स्ड रेटच्या लोनवर पार्ट पेमेंटचा, म्हणजे मुदतीआधी थोडी रक्कम भरण्याचा, चार्ज असू शकतो, ३ टक्के धरला तर वर १८ टक्के जीएसटी मिळून ३,५४०. हातात उरला १५ हजारांचा फायदा. चांगला आहे, पण तेवढाच आहे. चार्ज किती आणि पार्ट पेमेंट कितव्या हप्त्यानंतर चालतं हे लोन मंजूर झाल्याच्या पत्रात, म्हणजे सँक्शन लेटरमध्ये बघा, जास्त असेल तर १५ हजारही राहणार नाहीत.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट मला त्या १५ हजारांपेक्षा महत्त्वाची वाटते. लोन मिस्टरांच्या नावावर आहे आणि एफडी तुमच्या. तो पैसा तुमच्या आईबाबांनी, मामांनी, मावश्यांनी तुम्हाला दिलेला आहे, ते स्त्रीधन आहे. सुप्रीम कोर्टानेही २०२४ मध्ये सांगितलंय की स्त्रीधन ही नवराबायकोची सामाईक मालमत्ता नाही, अडचणीत नवऱ्याने वापरलं तरी ते परत करायची नैतिक जबाबदारी त्याची आहे. हे मी भांडण लावायला नाही सांगत. कितीतरी घरांत बघतो, बायकोची एफडी आणि दागिने घरासाठी मोडले जातात, लोन फिटतं, आणि सुटलेला हप्ता नवीन गाडीच्या हप्त्यात जातो, तिच्या खात्यात परत काही येत नाही.

तर माझं मत असं. एफडी मोडा, पण मिस्टरांबरोबर बसून आधी ठरवून घ्या की लोन संपल्यावरचे ते तेरा हप्ते तुमच्या नावाच्या आरडीत जाणार. तेरा महिने ११,३७७, म्हणजे तुमचा लाख व्याजासकट परत. साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा, पैसे तुमच्या खात्यातून थेट लोन खात्यात जाऊदेत म्हणजे नोंद राहील. हे ठरवायला ते तयार नसतील तर एफडीला हात लावू नका, त्याऐवजी त्यांचा दिवाळी बोनस पार्ट पेमेंटला वापरा. फायदा थोडा कमी, पण तुमचा पैसा जागेवर.

बँकेत गेलात की एक गोष्ट पक्की सांगा, हप्ता कमी नको, मुदत कमी करा. आपण बोललो नाही तर कधीकधी हप्ताच कमी करून देतात, मग महिन्याला जवळजवळ तीन हजार सुटतात, खर्चात विरघळतात आणि तेरा हप्ते वाचायचं राहून जातं. हप्त्यांचं नवीन शेड्यूल प्रिंट करून घ्या.

दुसऱ्या १ लाख ४० हजारांच्या एफडीला अजिबात हात लावायचा नाही. भाडं, हप्ता, किराणा, सासरी पाठवता ते ८ हजार, असे ठरलेले खर्च धरून तुमचा महिना ५५ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे ही रक्कम अडीच महिन्यांची. मी तीन तरी म्हणतो, पण दोघं कमावताय म्हणून सध्या चालेल.

मिस्टरांना जो टीव्ही नो-कॉस्ट ईएमआयवर हवाय तो लोन संपेपर्यंत थांबवा. त्यात बरेचदा प्रोसेसिंग फी असते, क्रेडिट कार्डावर घेतलात तर व्याजाच्या भागावर जीएसटीही लागतो, आणि मुख्य म्हणजे पगारातून अजून एक आपोआप कट होणारी रक्कम वाढते, जी परत कोणाला दिसणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे असं एका ओळीत लिहिलंय. मग ह्याच आठवड्यात दोघांनी आपापल्या एचआरला विचारा, ऑफिसच्या आरोग्य विम्याच्या ग्रुप पॉलिसीत मॅटर्निटी, म्हणजे बाळंतपणाचा खर्च, आहे का, मर्यादा किती, नॉर्मल आणि सिझेरियनला वेगळी का. स्वतःची वेगळी पॉलिसी घेतली तर मॅटर्निटीला बरेचदा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे ह्या बाळाला तिचा उपयोग नाही. ऑफिसची मर्यादा ५० हजार निघाली तर वरचा खर्च तुमच्या खिशातून आहे, आणि तसं असेल तर मला परत लिहा, १ लाखाऐवजी ५०-६० हजारच भरायचे का ते आकडे बघून सांगतो.