एकच प्रसंग दोन भावंडांना वेगवेगळा आठवत असेल, तर त्यांतले कोणी तरी खोटे बोलत आहे असे समजावे का?

आपण लिहिले आहे की, लहानपणी घरात झालेल्या एका मोठ्या भांडणाच्या वेळी आपण त्या खोलीत होता हे आपल्याला लख्ख आठवते. बहीण मात्र ठामपणे सांगते की खोलीत ती होती आणि आपण आत झोपला होता. दोघांनाही तिळमात्र शंका नाही, आणि आता या वादामुळे बोलणे तुटायची वेळ आली आहे. स्मृती हाच माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे थोडे सविस्तर उत्तर देतो.

बहुधा कोणीही खोटे बोलत नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते; चुकीची आठवण असलेल्या माणसाला ते ठाऊक नसते, कारण त्याला ती आठवण आतून खऱ्या आठवणीइतकीच खरी वाटते. भावंडांमध्ये तर हे विशेष घडते. जुळ्या भावंडांवरील संशोधनात असे दिसले आहे की, एकच प्रसंग ‘माझ्याच बाबतीत घडला’ असे दोघेही प्रामाणिकपणे सांगतात.

खात्री आणि अचूकता यांची फारकत किती होऊ शकते, हे दाखवणारा माझ्या मते सर्वांत बोलका अभ्यास उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांचा आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे, कशी आणि कोणाकडून कळली, हे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेण्यात आले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ११ जणांच्या उत्तरांतील एकही मुख्य तपशील मूळ नोंदीशी जुळला नाही. एका विद्यार्थिनीने आधी लिहिले होते की तिला बातमी वर्गात, आत आलेल्या काही जणांच्या बोलण्यातून कळली. नंतर तिला आठवत होते ते वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर दूरचित्रवाणी पाहत असताना झळकलेले वृत्त. मूळ कागद समोर ठेवल्यावरही विद्यार्थ्यांची जुनी आठवण परतली नाही. अक्षर आपलेच आहे हे त्यांना मान्य होते, पण मनात चित्र उमटत होते ते नवेच.

असे का होते? आठवण ही साठवलेली चित्रफीत नसते; प्रत्येक वेळी ती उपलब्ध तुकड्यांतून नव्याने उभी केली जाते आणि त्या तुकड्यांमध्ये नंतर ऐकलेले, कल्पिलेले, इतरांनी सांगितलेलेही असते. कोणता तुकडा कुठून आला याची नोंद मन फार कच्ची ठेवते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली आणि वेग विचारताना काहींना मोटारी एकमेकींना ‘धडकल्या’ असे, तर काहींना त्यांचा ‘चक्काचूर झाला’ अशा अर्थाच्या शब्दात विचारले. आठवड्याने, फुटलेली काच पाहिली का, असे विचारल्यावर पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी, तर दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटले. फितीत काच फुटलेली नव्हतीच. एका क्रियापदाने इतके होत असेल, तर वर्षानुवर्षे घरात सांगितल्या गेलेल्या हकिकतीने काय होईल, याचा विचार करावा. बहिणीकडून ऐकलेले भांडण आपण मनात पाहिले असेल, किंवा आपले वर्णन ऐकून तिने पाहिले असेल. दोन्ही सारखेच शक्य आहे.

यावरून ‘कोणत्याच आठवणीवर विश्वास ठेवू नये’ असा निष्कर्ष काढणे मात्र मला साफ चुकीचे वाटते. भांडण झाले, ते गंभीर होते, दोघेही भ्यालात, हा गाभा आपल्या दोघांच्या सांगण्यात एकच आहे आणि भावनेने भारलेल्या प्रसंगांचा गाभा सहसा टिकतो. निसटतात ते कडेचे तपशील. शिवाय खात्रीलाही किंमत असते, पण ती कधीची खात्री आहे हे पाहावे लागते. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये साक्षीदारांविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले की, ओळखपरेड नीट घेतली असेल तर पहिल्याच वेळी व्यक्त झालेली खात्री बरीच भरवशाची असते; नंतर वाढत गेलेली नव्हे. रोनाल्ड कॉटन या अमेरिकन तरुणाला १९८४ मध्ये छायाचित्रावरून ओळखताना पीडित स्त्री बराच वेळ घुटमळली होती, पण न्यायालयात तिला कसलीही शंका उरली नव्हती. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. ती स्त्री खोटे बोलली नव्हती.

आपल्या प्रसंगाची पहिली नोंद कोणाकडे नाही आणि आता दोघांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या काळचे पत्र, रोजनिशी किंवा या वादात न पडलेली तिसरी व्यक्ती सापडली तर जरूर विचारावे. तसे काही न सापडल्यास खोलीत कोण होते हे आता ठरवता येणार नाही, एवढे बहिणीला सांगावे. आणि त्या रात्री तिला काय वाटले होते, ते विचारावे.